चेहऱ्यावरचा त्वचेचा कर्करोग काढल्यावर खड्डा कसा भरतात?

नाकासमोर:
"ग्राफ्ट की फ्लॅप?" हा प्रश्न दर महिन्याला कुठल्या तरी धाग्याच्या शेपटाला येतो आणि उत्तर अर्धवट राहतं. म्हणून हा स्वतंत्र धागा. (ग्राफ्ट म्हणजे दुसरीकडून पूर्ण सुटी करून आणून बसवलेली कातडी; फ्लॅप म्हणजे शेजारची कातडी, रक्तपुरवठा न तोडता सरकवलेली किंवा फिरवलेली.) जाणकारांनी भर घालावी, चुकेल तिथे कान धरावा.

आधी एक हिशेब, कारण सगळ्यात मोठा धक्का इथेच बसतो. बेसल सेल कार्सिनोमाची (त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार) गाठ दिसायला ८ मिमी. कमी धोक्याच्या गाठीला चहूबाजूंनी ४ मिमी निरोगी कातडी घ्यायची, म्हणजे खड्डा झाला १६ मिमीचा. गोल खड्डा तसाच ओढून शिवला तर दोन्ही टोकांना कातडीचे शिंगासारखे उंचवटे येतात. ते टाळायला छेद होडीच्या आकाराचा करतात, लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस! एवढ्याशा गाठीसाठी जवळपास ५ सेंमीची रेघ. "डॉक्टरांनी जरा जास्तच कापलं" हा समज इथून निघतो. गालावर, कपाळावर ही रेघ सुरकुतीत मुरते. नाकाच्या शेंड्यावर मात्र ५ सेंमी जागाच नसते, आणि ग्राफ्ट-फ्लॅपची गोष्ट तिथून सुरू होते.

दुसरं, आणि या धाग्यात हे एकच लक्षात राहिलं तरी चालेल: कडा मोकळ्या असल्याचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कर्करोगाच्या पेशी नसल्याचा, अहवाल हातात येईपर्यंत फ्लॅप हलवायचा नाही. फ्लॅप फिरवला की आजूबाजूची कातडी सरकते, मूळची कोणती कड कुठे गेली ते सांगता येत नाही. राहिलेल्या पेशी जाड फ्लॅपखाली वाढत बसतात आणि वरून उशिरा कळतात. मग पुन्हा कापायचं तर फ्लॅपही जातो, आणि शेजारची उसनी कातडी तर आधीच संपलेली असते.

सूक्ष्मदर्शक:
वरच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. "कडा मोकळ्या" हे शब्द अहवालात कसे येतात तेही सांगायला हवं.

नेहमीच्या पद्धतीत काढलेल्या तुकड्याचे काही मिलिमीटर अंतरावर उभे काप घेतात आणि त्यातल्या काही मायक्रॉन जाडीच्या पट्ट्या काचेवर बघतात. म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधली कड कुणी पाहिलेलीच नसते. पूर्ण कडेचा एक-दोन टक्क्यांहून जास्त भाग यात तपासला जात नाही. सरळ, गोल वाढणाऱ्या गाठीला हे पुरतं. पण काही प्रकारचे बेसल सेल मुळांसारखे पसरतात, त्यांची एखादी बारीक शेपटी दोन कापांच्या मधून सहज निसटते.

मोस पद्धतीत तुकडा ४५ अंशांत तिरपा, बशीसारखा कापतात. ओल्या मातीची वाटी दाबून सपाट केली तर काठ आणि तळ एका पातळीत येतात, तसं इथे करून तुकडा गोठवतात आणि खालून आडव्या पट्ट्या घेतात. सगळा काठ आणि सगळा तळ काचेवर येतो. कडांना वेगवेगळे रंग लावून नकाशा काढलेला असतो, त्यामुळे "घड्याळातल्या ४ च्या जागी खोलात शिल्लक आहे" इतकं नेमकं सांगता येतं आणि तेवढाच भाग पुन्हा कापला जातो. एका फेरीला साधारण तासभर. फ्रेडरिक मोस यांनी १९३० च्या दशकात सुरुवात केली तेव्हा झिंक क्लोराइडचा लेप लावून ऊती जागेवरच घट्ट करत, आणि एका फेरीला दिवस लागे. ताज्या, गोठवलेल्या तुकड्यांची पद्धत १९७० च्या दशकात रूढ झाली.

नाक, पापण्या, ओठ, कान, पुन्हा उगवलेली गाठ, नीट सीमा नसलेली गाठ: इथे मोसचा खरा उपयोग. मेलॅनोमाचं (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग) गणित वेगळं. गाठीची जाडी १ मिमीपर्यंत असेल तर १ सेंमी कड, २ मिमीच्या वर २ सेंमी. गोठवलेल्या पट्टीत मेलॅनोमाच्या पेशी ओळखणं अवघड, म्हणून बहुतेक ठिकाणी पॅराफिनमधल्या (मेणात घट्ट केलेल्या तुकड्याच्या) पक्क्या अहवालाची वाट बघतात. पहारेकरी लसिकाग्रंथी (कर्करोग पसरला तर सगळ्यात आधी पोचतो ती ग्रंथी) तपासायची असेल तर ती मोठा फ्लॅप फिरवायच्या आधीच. नंतर लसिकेच्या वाटाच बदललेल्या असतात.

शंकासुर:
अहवालाला आठवडा लागला तर तोवर चेहऱ्यावर उघडा खड्डा? जंतू शिरणार नाहीत?

मलमपट्टी:
सहसा नाही. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर आहे. आठवडा-दोन आठवडे उशिरा बंद केलेल्या जखमेचा शेवटचा निकाल त्यामुळे बिघडत नाही, उलट तळाला लाल, दाणेदार ऊती आल्या की ग्राफ्टला बरी बैठक मिळते. अट एकच, जखम ओलसर राहायला हवी. रोज साबण-पाण्याने किंवा सलाईनने हलक्या हाताने धुवायचं, पेट्रोलियम जेलीचा जाड थर, त्यावर न चिकटणारी पट्टी, वर गॉज. "हवा लागू दे, खपली धरू दे" हा सल्ला मोडीत काढा. खपलीखाली नवीन कातडीला सरकायला वाट मिळत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नये, ते नव्या पेशीही जाळतं.

आणि प्रत्येक खड्डा शिवायलाच हवा असंही नाही. डोळ्याचा आतला कोपरा, नाकपुडी आणि गालामधली घडी, कानाची वाटी, कानशील अशा खोलगट जागा आपोआप भरू दिल्या तर व्रण पुष्कळदा ग्राफ्टपेक्षा चांगला येतो. वेळ साधारण ४ ते ८ आठवडे. हेच नाकाच्या शेंड्यावर, ओठावर किंवा हनुवटीच्या फुगीर भागावर केलं तर चकचकीत, खोल चट्टा उरतो. भरणारी जखम आकसते, हे विसरू नका. पापणीच्या किंवा नाकपुडीच्या मोकळ्या कडेजवळ असेल तर ती कड ओढून घेते.

नाकासमोर:
आता नाक. सविस्तर लिहितो, कारण चेहऱ्यावरच्या बेसल सेलची ही सगळ्यात आवडती जागा.

नाकाला तीन थर आहेत: आतलं अस्तर, मधला कूर्चेचा (लवचिक, मऊ हाडाचा) सांगाडा, वरची कातडी. काय काय गेलं ते आधी मोजायचं. नुसती कातडी गेली आणि खड्डा १ सेंमीच्या आसपास असेल तर पूर्ण जाडीचा ग्राफ्ट किंवा दुपाळी फ्लॅप.

ग्राफ्टची कातडी कानाच्या पुढून, मागून किंवा गळ्याच्या हाडाच्या (कॉलरबोन) वरच्या भागातून, मानेवरून घेतात. आकसणार हे धरून खड्ड्यापेक्षा थोडी मोठी. मागची पिवळी चरबी कात्रीने पांढरं चर्म दिसेपर्यंत काढायची. हा भाग कंटाळवाणा आहे आणि ग्राफ्ट मरण्याचं एक मोठं कारणही इथेच, कारण चरबीतून रक्तवाहिन्या वर येत नाहीत. पहिले एक-दोन दिवस ग्राफ्ट खालचा द्रव शोषून जगतो. मग दोन्हीकडच्या केशवाहिन्यांची तोंडं जुळतात आणि चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत रक्त फिरू लागतं. या काळात तो मिलिमीटरभर जरी सरकला तरी जुळलेली तोंडं तुटतात. म्हणूनच वर गॉजचा बोळा ठेवून दोऱ्यांनी घट्ट बांधतात आणि ५ ते ७ दिवस त्याला हात लावत नाहीत. उघडल्यावर जांभळट दिसला तर घाबरू नये, आठवडाभर थांबावं. वरचं पापुद्र्यासारखं आवरण काळं होऊन निघतं आणि खाली गुलाबी चर्म जिवंत निघतं असं पुष्कळदा होतं. कुणी ते खरवडून काढलं तर चांगला ग्राफ्ट हातचा जातो.

ग्राफ्ट कूर्चेवर धरतो, पण कूर्चेवरचं पातळ आवरण शिल्लक असेल तरच. उघड्या कूर्चेवर किंवा उघड्या हाडावर बसवलेला ग्राफ्ट म्हणजे फरशीवर लावलेलं रोप.

दुपाळी फ्लॅप: खड्ड्याशेजारची पहिली पाळी खड्डा भरते, दुसरी पाळी पहिलीची जागा भरते, आणि दुसरीची जागा नाकाच्या वरच्या सैल कातडीत सरळ शिवून टाकतात. एसर यांनी १९१८ मध्ये वर्णन केलं तेव्हा एकूण वळण १८० अंशांचं होतं, त्यामुळे कातडीची गाठोडी होत. झिटेली यांनी १९८९ मध्ये प्रत्येक पाळी सुमारे ४५ अंशांवर आणली, एकूण ९० ते १००. आज वापरात आहे तो हाच. नाकाच्या खालच्या तिसऱ्या भागात दीड सेंमीपर्यंत. पाळ्या स्नायूच्या खालून, कूर्चेच्या आवरणाच्या लगेच वरून उचलायच्या. वरच्या वर उचलल्या तर रक्तस्राव जास्त आणि फ्लॅप नंतर उशीसारखा फुगतो.

त्याहून मोठा खड्डा असेल, किंवा कूर्चाही गेली असेल, तर कपाळाचा फ्लॅप. भुवईच्या आतल्या टोकापाशी, मध्यरेषेपासून १.७ ते २.२ सेंमीवर एक धमनी कपाळात चढते, तिच्या जिवावर हा उभा राहतो. देठ, म्हणजे फ्लॅपला रक्त पुरवणारी जोडलेली पट्टी, १.२ ते १.५ सेंमी रुंद. "रुंद देठ म्हणजे जास्त रक्त" असं वाटतं खरं, पण रुंद देठ वळताना मुरगळतो आणि तिथेच रक्त अडतं. खड्ड्याचा साचा सुईदोऱ्याच्या पाकिटातल्या फॉइलवर कापून घेतात, आणि भुवईपासून खड्ड्याच्या खालच्या टोकापर्यंतची लांबी गॉजच्या पट्टीने, पट्टी प्रत्यक्ष वळवून मोजतात. सरळ पट्टीने मोजलं की फ्लॅप सेंटीमीटरभर आखूड पडतो, आणि ओढून शिवलेल्या फ्लॅपचं टोक काळं पडतं. साधारण ३ आठवड्यांनी देठ तोडतात. तीन टप्प्यांत करायचं तर ३ आठवड्यांनी फ्लॅप उचलून पातळ करतात आणि ६ आठवड्यांनी देठ. कपाळावरची खालची जखम शिवतात, वर केसांजवळ उरलेली फट उघडी ठेवतात. ती चांगली भरते.

अवांतर: १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात कावसजी नावाच्या गाडीवानाच्या कापलेल्या नाकाची हकिगत चित्रासह छापून आली. पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं होतं, मेणाचा साचा करून. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये १८१४ मध्ये हीच शस्त्रक्रिया केली. साचा मेणाऐवजी फॉइलचा झाला, बाकी आराखडा ओळखू येईल इतका तोच.

आडवातिडवा:
थोडी असहमती. नाकाचे नऊ उपविभाग पाडून "एका विभागाचा निम्म्याहून जास्त भाग गेला असेल तर उरलेलाही कापा आणि पूर्ण विभाग नव्याने करा" हा बर्जेट-मेनिक यांचा १९८५ चा नियम. तो कुणी वर लिहिला नाही हे बरंच झालं, कारण लोक तो वेदवाक्यासारखा वापरतात. व्रणाची रेघ विभागाच्या सीमेवर पडली की डोळ्याला खटकत नाही, एवढंच त्यातलं तत्त्व. शेंड्यावर, नाकपुडीवर ते पटतं. नाकाच्या बाजूच्या सपाट भिंतीवर चांगली कातडी फेकून द्यायला माझी तरी तयारी नाही. रंग आणि जाडी जुळली तर मधली रेघ सहा महिन्यांत शोधावी लागते.

ग्राफ्टबद्दलही. शेंड्याची कातडी जाड, तेलकट, मोठ्या रंध्रांची, आणि कानामागची पातळ, गुळगुळीत. ग्राफ्ट शंभर टक्के धरला तरी ठिगळ दिसतं. "धरला" आणि "जुळला" यांत फरक आहे, आणि तो आधी सांगायला हवा.

आणि एक राहिलं. नाकपुडीच्या कडेत मुळात कूर्चा नसते. तरी ती कड नव्याने करताना कानाच्या वाटीतून कूर्चेची पट्टी घेऊन घालावी लागते. नाहीतर नवी कातडी आकसून कड वर चढते, किंवा श्वास आत घेताना नाकपुडी मिटते. फोटोत नाक सुरेख आणि रात्री तोंड उघडं टाकून झोप, हे याच चुकीमुळे.

सहावादोरा:
टाक्यांबद्दल कुणीच बोललं नाही. चेहऱ्याच्या शिवणीचं काम वरचे टाके करत नाहीत, आतले करतात. चर्मात ५-० चा विरघळणारा दोरा (शून्याआधीचा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक), गाठ खाली, आणि त्यानंच दोन्ही कडा भिडल्या पाहिजेत. वरचा ६-० नायलॉन फक्त पातळी जुळवायला. वरच्या टाक्यांवर ताण दिला की शिडीच्या पायऱ्यांसारखे डाग उरतात. काढण्याची वेळ: पापणी ३ ते ५ दिवस, बाकी चेहरा ५ ते ७, डोक्याची कातडी ७ ते १४. आठवड्याला जखमेची ताकद मूळ कातडीच्या ५ टक्क्यांच्याही आतबाहेर असते. पूर्ण बरी झाल्यावरही ८० च्या वर जात नाही. म्हणून टाके निघाले की लगेच जड उचलायचं नाही, वाकून काम नाही, आणि कागदी चिकटपट्टी दोन-तीन आठवडे.

ताण कोणत्या दिशेला जातो ते बघा. पापणीखाली खड्डा असेल तर ताण आडवा गेला पाहिजे, उभा नाही. उभा गेला की पापणी खाली ओढली जाते, डोळा पाणावतो, रात्री पूर्ण मिटत नाही. गालाचा मोठा फ्लॅप आणला तर तो गालाच्या हाडाच्या आवरणाला आतून टाका घालून टांगतात, म्हणजे त्याचं वजन पापणीवर येत नाही.

भूल देताना: ॲड्रेनलीन घातलेलं लिग्नोकेन जास्तीत जास्त ७ मिग्रॅ प्रति किलो. ६० किलोच्या माणसाला ४२० मिग्रॅ, म्हणजे १ टक्क्याचं ४२ मिली, २ टक्क्यांचं फक्त २१. मोसच्या तीन-चार फेऱ्यांत हा आकडा नकळत गाठला जातो, म्हणून कुणीतरी बेरीज लिहीत राहिलं पाहिजे. १० मिलीला १ मिली सोडाबायकार्ब मिसळलं की चुरचुर बरीच कमी होते. ओठावर मात्र सुई टोचायच्या आधी लाल-पांढऱ्या सीमेवर पेनाने खूण करा. भुलीच्या पाण्याने आणि ॲड्रेनलीनच्या पांढरेपणाने ती रेघ दिसेनाशी होते, आणि तिथली १ मिमीची चूक समोरच्याला बोलताना दिसते.

सूक्ष्मदर्शक:
बाकीच्या जागा थोडक्यात टाकून देतो.

ओठ: एक तृतीयांशपर्यंत गेला तर इंग्रजी व्हीसारखा छेद घेऊन सरळ शिवता येतो. दोन तृतीयांशपर्यंत दुसऱ्या ओठातून किंवा शेजारून उसना घेतात, पण तोंड लहान होतं आणि कवळी घालता-काढताना अडतं. कवळी असेल तर आधी सांगा.

पापणी: पाव ते एक तृतीयांश थेट शिवता येते. त्याहून मोठ्या खालच्या पापणीला वरच्या पापणीच्या आतलं अस्तर खाली आणून जोडतात, तेव्हा डोळा काही आठवडे मिटलेलाच राहतो. दुसऱ्या डोळ्याची नजर आधीच कमी असेल तर ही पद्धत टाळावी लागते. पापणीचे दोन थर असतात, आणि त्यांतल्या एकाला तरी स्वतःचा रक्तपुरवठा हवा. ग्राफ्टवर ग्राफ्ट चालत नाही.

कान: बाहेरची गोल कड दीड-दोन सेंमी गेली असेल तर अँटिया आणि बुच यांची १९६७ ची युक्ती, म्हणजे उरलेली कड कातडी-कूर्चेसकट दोन्हीकडून सरकवून जोडायची. कान थोडा लहान होतो, पण आकार कानाचाच राहतो. मुंबईचे अँटिया यांचं नाव जगभरच्या पुस्तकांत या फ्लॅपमुळे आहे.

शंकासुर:
घरी आल्यावर काय बघायचं? आणि तंबाखू, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या?

मलमपट्टी:
पहिले ४८ तास. फ्लॅप गुलाबी, कोमट, बोटाने दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत रंग परत: ठीक. पांढरा, गार, रंग परत यायला वेळ: रक्त पोचत नाही. निळा-जांभळा, फुगलेला, दाबल्यावर रंग चटकन परत: रक्त पोचतंय पण बाहेर पडत नाही. हे दुसरं जास्त वेळा दिसतं आणि वेळेवर हालचाल केली तर वाचतं. कधी नुसते दोन टाके सैल केले की रंग सुधारतो. जळवाही लावतात, पण त्यांच्या पोटातल्या एरोमोनास जंतूंसाठी प्रतिजैविक सोबत द्यावं लागतं.

अचानक ठणका, एका बाजूला ताणलेली सूज, ड्रेसिंग भिजत राहणं: खाली रक्त साचतंय. २० मिनिटं न उचलता, न डोकावता सलग दाब द्या. थांबलं नाही तर त्याच रात्री दाखवा, सकाळची वाट नको. साचलेलं रक्त फ्लॅपला खालच्या थरापासून वेगळं करतं.

उशाशी दोन उशा, वाकणं नाही, आठवडाभर तोंड फार उघडून चावणं नाही (गालाचा किंवा ओठाचा फ्लॅप असेल तर).

तंबाखू: ओढायचा असो, मळायचा असो, निकोटिन तेच. बारीक धमन्या आवळतं आणि फ्लॅपचं टोक तेवढ्यावर मरतं. आधी ४ आठवडे, नंतर ४ आठवडे बंद. खोटं सांगितलं तरी टोक खरं सांगतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: ज्या डॉक्टरांनी स्टेंट, झडप किंवा अनियमित ठोक्यांसाठी सुरू केल्या त्यांना विचारल्याशिवाय एक गोळीही बंद करू नका. त्वचेच्या शस्त्रक्रियेत त्या बहुधा चालूच ठेवतात. वॉरफरीन असेल तर आदल्या काही दिवसांतला आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारी तपासणी) हवा. रक्तस्राव दाबून थांबवता येतो, पक्षाघात उलटवता येत नाही. स्वतःच्या मनाने घेतलेल्या फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल मात्र आठवडा-दोन आठवडे आधी थांबवा.

आडवातिडवा:
व्रणाबद्दल लोक सहा आठवड्यांत निराश होतात. नेमकं तेव्हाच व्रण सगळ्यात लाल, टणक आणि उंच असतो. निकाल वर्षाने बघायचा. मसाज चौथ्या आठवड्यापासून, बोटाने दाबून गोल, दिवसातून दोन-तीनदा. सिलिकॉन जेल किंवा पट्टी दिवसाला १२ तास, निदान दोन-तीन महिने. फ्लॅप उशीसारखा फुगला तर ट्रायमसिनोलोनची (एक स्टेरॉइड) इंजेक्शनं महिन्याच्या अंतराने. ती खोलात, कडक झालेल्या ऊतीत द्यायची, वरच्या कातडीत दिली तर खळगा आणि पांढरा डाग पडतो. कडांची पातळी जुळली नसेल तर ६ ते ८ आठवड्यांनी घासून सारखी करता येते. सावळ्या कातडीत घासल्यावर काळपटपणा महिनोन्महिने राहतो, म्हणून आधी कानामागे छोटा तुकडा घासून बघावा. ऊन लागलं की नवा व्रण गडद होतो, तेव्हा टोपी आणि ३० किंवा जास्त एसपीएफचं मलम, जखम पूर्ण मिटल्यावरच.

शंकासुर:
शेवटची शंका. कपाळाचा फ्लॅप केसांपर्यंत गेला तर नाकावर केस उगवणार का?

नाकासमोर:
उगवतात. कपाळ लहान असेल आणि फ्लॅपचं टोक केसांच्या रेषेत घुसलं तर हमखास. पातळ करताना चरबीसोबत केसांची मुळं खालून कात्रीने छाटता येतात, पण सगळी नाही. जास्त छाटली तर टोकाचं रक्तच तुटतं, म्हणून पहिल्याच दिवशी हाव धरायची नाही. उरलेल्यांना देठ तोडून जखम मुरल्यावर लेझर, चार-पाच बैठका. त्याला केसातला काळा रंग लागतो. पिकलेल्या केसावर लेझरची मात्रा चालत नाही, तिथे सुई घालून एकेक मूळ जाळत बसावं लागतं. म्हणून पांढऱ्या केसांच्या माणसात फ्लॅप आखतानाच तो तिरपा घेतात किंवा देठ भुवईच्या खाली आणखी सेंटीमीटरभर मोकळा करतात, म्हणजे टोक केसांपर्यंत न्यावं लागत नाही.